कुंती फुलत का नाही? आधी कात्री बाजूला ठेवा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तो थोडक्यात सांगते. छत्रपती संभाजीनगरला तुमच्या घराच्या कंपाउंडला लागून चाळीस फुटांत कुंतीची १८ रोपं लावलीत. तीन वर्षं झाली, झाडं छातीएवढी झाली, हिरवीगार भिंत उभी राहिली, पण फुलं मोजून दहा-बारा आली. माळी दर महिन्याला येऊन कापतो, वर्षातून दोन-तीनदा युरिया टाकतो, पाणी रोजचं. गेल्या उन्हाळ्यापासून एका टोकाची चार झाडं पिवळी पडली आहेत. झाडं काढून दुसरं काही लावावं का, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटच्या ओळीत म्हटलंय की मोर्शीला बहिणीचं नवं घर झालंय, संत्र्याच्या बागेला लागूनच आहे, तिलाही पावसाळ्यात हीच रोपं पाठवायची आहेत.

झाडं काढू नका. आणि मोर्शीला एकही रोप पाठवू नका. पहिल्याचं कारण आनंदाचं आहे, दुसऱ्याचं काळजीचं. आधी आनंदाचं सांगते.

मी फलटणच्या बाजूला गेली ३० वर्षं रोपवाटिका चालवते. कुंती माझ्याकडे पहिल्या वर्षापासून आहे. रोपवाटिकांत तिला कामिनी किंवा मधुकामिनी म्हणतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटतं हे कुठलं तरी बाहेरचं शोभेचं झाड. तसं नाही. ही आपल्याच रानातली आहे. सह्याद्रीच्या ओलसर जंगलात, ओढ्याच्या काठानं, मोठ्या झाडांच्या सावलीत ती आपसूक उगवते. तिथं ती उंच, विरळ आणि मोठ्या पानांची असते. बागेतली तीच कुंती उन्हात लहान पानांची आणि दाट होते. कढीपत्ता तिचा अगदी जवळचा नातलग आणि लिंबू, संत्रं, मोसंबी, बेल ही सगळी तिची भाऊबंदकी. एक पान तोडून उन्हाकडे धरा, सुईनं टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या गाठी. पान चुरगळलं की लिंबाच्या जवळ जाणारा वास येतो, तो त्यांचाच. हे नातं लक्षात ठेवा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच नात्यात आहे, आणि मोर्शीचंसुद्धा.

२००३ चा दुष्काळ आमच्या भागातल्या लोकांना सांगावा लागत नाही. त्या उन्हाळ्यात आमची बोअर तासाला जेमतेम दोन-तीन पिंपं पाणी द्यायची. विकायची रोपं जगवणं पहिलं काम, म्हणून बाकी सगळ्याचं पाणी तोडलं. त्यात रोपवाटिकेच्या तोंडाशी लावलेलं कुंतीचं कुंपणही होतं. तेव्हा ते पाच वर्षांचं होतं आणि तुमच्यासारखंच होतं, चौकोनी, गुळगुळीत, बिनफुलांचं. कापणारा माणूसही त्या वर्षी बोलावला नव्हता. एप्रिल-मे मिळून झाडांनी पानं अर्धी मिटून घेतली, चकाकी गेली, खालची थोडी पानं गळाली. झाडं गेलीच असं धरून मी चाललेली. जूनमध्ये दोन मोठ्या सरी झाल्या. तीन आठवड्यांनी एका सकाळी फाटक उघडायला गेले तर दहा पावलांवरच वास आला. अख्खं कुंपण पांढरं. सातेरी मधमाश्यांचा इतका घुमारा होता की आधी वाटलं, कुठंतरी पंप चालू राहिलाय.

लिंबू-मोसंबी लावणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. तो दरवर्षी हेच मुद्दाम करतो. त्याला तो बहार धरणं म्हणतो, म्हणजे झाडाला ठरलेल्या वेळी फुलायला लावणं. आंबे बहार, म्हणजे आंबा मोहरतो त्या सुमाराचा बहार धरायचा तर थंडीत बागेचं पाणी तोडून ताण द्यायचा आणि जानेवारीच्या सुमाराला पाणी सोडून ताण तोडायचा. मृग बहाराला मे महिन्याचा ताण असतो आणि तो तोडायला पाऊस येतो. ताणात वाढ थांबते, झाड अन्न साठवतं, आणि पाणी मिळाल्याबरोबर नव्या फुटीबरोबर फुलं काढतं. कुंती त्याच घराण्यातली आहे. तिला रोज पाणी मिळालं तर ती पानं काढत राहते, काही अडचणच नसते म्हणून. तुमच्या झाडांना तीन वर्षांत एकदाही ताण मिळालेला नाही.

पण नुसतं पाणी तोडून भागणार नाही, कारण तुमचं मोठं नुकसान कात्रीनं होतंय. कुंतीचं फूल फांदीच्या शेंड्याला येतं. नवी फूट चार-सहा बोटं वाढते, तिच्या टोकाला कळ्यांचा घोस येतो. तुमचा माळी महिन्याच्या महिन्याला येतो आणि नेमका तोच शेंडा उडवतो. झाड परत फुटतं, तो परत उडवतो. जी दहा-बारा फुलं तुम्हाला दिसली ती बहुतेक खालच्या बाजूला किंवा भिंतीकडच्या अंगाला असतील, जिथं कात्री पोचली नाही. जाऊन बघा. माळ्याला दोष देऊ नका, कुंपण कापायचं म्हणजे मेंदी-ड्युरांटासारखं कापायचं हेच त्याला शिकवलेलं असतं. ड्युरांटाला आपण फुलांसाठी लावतच नाही. कुंती फुलासाठी लावायची तर तिची कापणी वेगळी आहे, हे त्याला उभं राहून दाखवावं लागतं.

तर तुमच्या हवेला धरून वर्ष कसं न्यायचं ते सांगते.

फेब्रुवारीच्या शेवटी, थंडी ओसरली की वर्षातली मोठी छाटणी. तुम्हाला जी उंची हवी तिच्यापेक्षा वीतभर खाली घ्या, कारण त्यापुढं वाढ सोडायची आहे. भिंत सरळ उभी न ठेवता वर अरुंद आणि खाली रुंद ठेवा, म्हणजे बुडाच्या फांद्यांना ऊन मिळतं. नाहीतर चार-पाच वर्षांत खालून काड्या उघड्या पडतात आणि मग कुंपण वर हिरवं, खाली झाडूसारखं दिसतं. आतली वाळकी, एकमेकींवर घासणारी काडी हातानं काढा. यानंतर पावसापर्यंत कात्री लावायची नाही. फांद्या वेड्यावाकड्या बाहेर येतील, कंपाउंड विस्कटलेलं दिसेल, शेजारचे विचारतील. राहू द्या.

मार्चपासून रोजचं पाणी बंद. मार्चभर आठवड्यातून दोनदा, बुडाशी मुरेल असं. एप्रिलच्या मध्यापासून आठवड्यातून एकदा. मे सुरू झाला की पाणी थांबवा आणि झाड वाचायला शिका. दुपारी पानं मलूल दिसली तर त्याला काही अर्थ नाही, संभाजीनगरच्या मे महिन्यात दुपारी माणूसही मलूल असतो. सकाळी सातला जा. रात्रभराच्या गारव्यानंतरही पानांच्या कडा आत वळलेल्या, रंग राखाडीकडे झुकलेला आणि पान हाताला कागदासारखं सैल लागलं, तर ताण पुरे झाला. काळ्या जमिनीत, तीन वर्षांच्या झाडाला माझ्याकडे याला साधारण तीन आठवडे लागतात. मुरमाड जमिनीत दहा-बारा दिवसांतच ही खूण दिसते. पाऊस जवळ असेल तर त्याची वाट बघा. लांबला असेल तर स्वतः पाणी सोडा, आणि सोडायचं तर पोटभर सोडा, एक फूट खोल ओल जाईल इतकं. उथळ शिंपडून ताण तुटत नाही, झाडाचे नुसते हाल होतात.

ताण तोडायच्या दोन दिवस आधी प्रत्येक झाडाच्या बुडाभोवती एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मातीत हलक्या हातानं मिसळा. युरिया पूर्ण बंद. नत्र जास्त झालं की झाड पानांकडेच वळतं, आणि ती लुसलुशीत पानं मावा, पिठ्या ढेकूण सगळ्यांना आवडतात. पहिली फूट दिसल्यापासून फुलं झडेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही.

फुलं आली की ती दोन-तीन दिवसांचीच असतात. पाच पाकळ्या, टोकं मागं वळलेली, मधे दहा पुंकेसर, एक लांब एक आखूड अशी. वास संध्याकाळी दाटतो. गजऱ्यात ही फुलं टिकत नाहीत, धक्का लागला की पाकळ्या गळतात, म्हणून माळण्यासाठी सहसा कुणी लावत नाही. झाडाखाली सडा पडतो तो मात्र झाडू नका. मी तर त्या दिवसांत फाटकाजवळ झाडायला मनाई करते.

फुलं सरली की आठ-दहा दिवसांत हलकी छाटणी, फक्त बाहेर आलेले शेंडे वीतभर मागं घ्यायचे. जुलैच्या मध्यापर्यंत हे झालं पाहिजे. मग सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाच्या उघडिपीनंतर बहुतेक वर्षी दुसरा बहार मिळतो. म्हणजे वर्षात दोन कापण्या. तुम्ही सध्या बारा करता.

घरात कुंडीत लावणाऱ्यांना ताणाचं वेगळं सांगायला हवं. कुंडी चार दिवसांत सुकते, तिथं तीन आठवड्यांचा ताण दिला तर झाड मरतंच. कुंडीला सकाळच्या मलूल पानांची खूण दिसली की त्याच दिवशी पाणी. असं दोनदा केलं तरी फूट येते. कुंडी निदान १४ इंचांची हवी, खाली भोक मोकळं हवं, आणि दिवसातलं चार तास तरी ऊन हवं. सावलीत कुंती जगते, वाढतेसुद्धा, पण फुलायचं टाळते. रोपवाटिकेत बुटकी, अगदी बारीक पानांची जात मिळते, ती कुंडीला बरी. मला स्वतःला मोठ्या पानांचीच आवडते, तिचा वास जास्त भरलेला वाटतो.

आता पिवळी पडलेली चार झाडं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पिवळेपणा वरच्या कोवळ्या पानांवर आहे आणि शिरा हिरव्या राहिल्यात. हे महत्त्वाचं. खालची जुनी पानं सगळी सारखी पिवळी पडली असती तर मी नत्राची कमतरता किंवा साचलेलं पाणी म्हटलं असतं. कोवळं पान पिवळं आणि शीर हिरवी म्हणजे लोह मिळत नाही. जमिनीत लोह असतं, पण जमीन चुनखडीची असली की ते मुळांना घेता येत नाही. मराठवाड्यात, आमच्याकडेही, काळ्या जमिनीखाली चुनखडीचा थर लागतो, आणि बोअरचं पाणी जड असलं तर दर पाण्याबरोबर आपण चुना वाढवतच असतो. ती चार झाडं ज्या टोकाला आहेत तिथं बांधकामाच्या वेळी सिमेंट-चुन्याचा राडारोडा पडला होता का, हे आठवून बघा. माझा अंदाज आहे की पडला असणार. एका ठिकाणी वीतभर उकरून बघितलं तरी कळेल. मातीवर साधं व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना आहे.

यावर लोक पटकन हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) आणून बुडाशी टाकतात. चुनखडीच्या जमिनीत ती काही दिवसांतच अडकून बसते आणि पैसे वाया जातात. त्यापेक्षा दोन गोष्टी करा. ताबडतोब गुण यावा म्हणून लिटरला ५ ग्रॅम हिराकस, त्यात अर्ध्या लिंबाचा रस, गाळून, संध्याकाळी कोवळ्या पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. ताजंच करायचं, ठेवून तांबूस झालेलं द्रावण वापरायचं नाही. आणि कायमचा उपाय म्हणून चारही झाडांभोवतीचा राडारोडा काढून शेणखत आणि पालापाचोळा घाला, आच्छादन वर्षभर ठेवा. फवारून आलेला रंग टिकत नसेल तर कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मागा, पण नाव नीट बघून घ्या. ईडीटीएवालं अशा जमिनीत टिकत नाही, ईडीडीएचएवालं टिकतं. महाग आहे, चार झाडांना परवडेल. आणि चुलीची राख झाडांना चांगली म्हणून कुणी टाकत असेल तर थांबवा. दुसऱ्या जमिनीत चांगली असेल, तुमच्या जमिनीत तीही चुन्याच्याच बाजूनं जाते.

किडींचं फार सांगत नाही. काजळीसारखा काळा थर दिसला तर तो रोग पानाचा नाही. वर बसलेल्या खवले किडीच्या किंवा पिठ्या ढेकणाच्या चिकट पाण्यावर वाढलेली बुरशी आहे, कीड गेली की तोही जातो. लिटरला ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून फवारा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

एक किडा मात्र मारू नका. कोवळ्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी दिसलं आणि ते हळूच सरकलं, तर ती बहुरूपी फुलपाखराची अळी आहे. ही फुलपाखरं लिंबू, कढीपत्ता आणि कुंतीवर अंडी घालतात. अळी मोठी झाली की हिरवी होते. बोटानं डिवचलं तर डोक्यामागून लाल रंगाची दुबेळकी शिंगं बाहेर काढते आणि आंबूस वास सोडते. माझी नात हे बघायला तासभर बसते. एवढ्या मोठ्या कुंपणात पाच-पन्नास पानं गेली तर झाडाचं काही बिघडत नाही. पण फवारायचं झालं तर या अळ्या आधी उचलून कढीपत्त्यावर ठेवा.

फुलांनंतर फळं येतात, करंगळीच्या पेराएवढी, आधी हिरवी, मग नारिंगी, मग लालचुटूक. बुलबुल ती संपवतात. रोपं करायची तर तुम्ही बुलबुलाच्या आधी पोचा. लाल झालेली फळं कुस्करून गर धुऊन टाका, आत एक-दोन बिया असतात, त्यांच्यावर कापसासारखी बारीक लव असते. त्याच आठवड्यात पेरा. वाळवून डब्यात ठेवलेल्या बिया मी अनेकदा पेरून पाहिल्या आहेत, उगवण पडतच जाते. अर्धा इंच खोल, सावलीत, ओल टिकवून. महिनाभरात उगवतात. फुलायला दोन-तीन वर्षं धरा. लवकर हवं असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या फांदीवर गुटी बांधा, इंचभर साल काढून, ओलं शेवाळ आणि वर प्लास्टिक. दोन महिन्यांत मुळ्या दिसतात. गुटीचं रोप पुढच्या वर्षीच फुलतं, पण उन्हाळ्यात ते बियांच्या रोपाइतकं तग धरत नाही, सोटमूळ नसतं म्हणून. कुंपणाला मी बियांचीच रोपं देते.

आता मोर्शी.

वर म्हटलं की कुंती संत्र्याची भाऊबंद. लिंबूवर्गीय झाडांवर सायला नावाची कीड येते. तीन-चार मिलिमीटरची, तपकिरी, कोवळ्या फांदीवर डोकं खाली आणि शेपूट वर अशी तिरकी बसते. तिची पिल्लं पिवळी, चपटी, कोंबाच्या घडीत दडलेली असतात आणि मागून मेणासारखे पांढरे दोरे सोडतात. नुसता रस शोषण्यापुरती ती असती तर एवढी भीती नव्हती. ती ग्रीनिंग रोगाचा जिवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. हे आपल्याच देशातल्या संशोधकांनी १९६७ साली दाखवून दिलं. ग्रीनिंग लागलेल्या संत्र्याची पानं ठिकठिकाणी पिवळी-हिरवी होतात, फळ लहान, वाकडं, कडवट राहतं, एका बाजूनं पिकतच नाही. त्यावर औषध नाही. झाड शेवटी काढावं लागतं.

आणि या किडीचं सर्वांत आवडतं झाड कोणतं, तर कुंती. संत्र्याला ठरावीक वेळी नवती फुटते, तेवढेच दिवस किडीला अंडी घालायला कोवळा कोंब मिळतो. कुंती वर्षभर मधून मधून फुटत राहते. त्यात दर महिन्याला कापलेलं कुंपण असलं तर काय विचारता, बारा महिने कोवळे कोंब. कुंतीला स्वतःला रोगाचा फारसा त्रास दिसत नाही. ती हिरवीगार उभी राहते, कीड तिच्यावर वाढते आणि बागेत उतरते. ही कीड दोन किलोमीटरपर्यंत गेलेली अभ्यासकांनी नोंदवली आहे. अमेरिकेत फ्लोरिडात १९९८ साली ही कीड सापडली, २००५ साली ग्रीनिंग सापडला. मधल्या काळात कीड राज्यभर पसरली ती रोपवाटिकांच्या गाड्यांतून फिरणाऱ्या कुंतीच्या रोपांबरोबर. तिथला संत्र्याचा धंदा त्यानंतर कसा खचला हे जगानं पाहिलंय. म्हणून परदेशातल्या कुणाला गावची आठवण म्हणून कुंती लावावीशी वाटली तर आधी तिथले नियम बघा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडकडे तर पक्षी बिया पसरवून ती रानात घुसते, म्हणून तिला तण मानतात. तिथं ती परकी आहे.

हे मी नुसतं पुस्तकातलं सांगत नाही. पंधराएक वर्षांपूर्वी काटोलकडच्या एका गिऱ्हाइकानं माझ्याकडून कुंतीची २०० रोपं नेली, शेतातल्या घराच्या रस्त्यासाठी. मी कुठं लावणार, आजूबाजूला काय आहे, एवढंही विचारलं नाही. नंतर नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडचं या किडीबद्दलचं साहित्य हाती आलं, ते वाचलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून रोपं काढायला सांगितली आणि पैसे परत केले. त्यांनी काढली. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्राच होता आणि ती रोपं तिथं दोन वर्षं उभी होती. तेव्हापासून वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या संत्र्याच्या पट्ट्यातलं गिऱ्हाईक आलं की मी कुंती देत नाही. जालना-पैठणकडच्या मोसंबीवाल्यांनाही देत नाही. तुमचं घर शहरातल्या कॉलनीत आहे आणि आसपास बाग नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तुम्हाला ठेवा म्हणाले. परसात एखादं लिंबाचं झाड असेल तर घाबरून जाऊ नका, पण दोन्हींच्या कोवळ्या कोंबांवर महिन्यातून एकदा नजर टाका. पांढरे मेणाचे दोरे दिसले तर तो कोंब खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा आणि निंबोळी अर्क फवारा. महिन्याची कापणी बंद केली की कोंबही कमी फुटतील.

बहिणीला अडुळसा पाठवा. तोही देशी, बारमाही हिरवा, आणि त्याचं संत्र्याशी काही नातं नाही. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे शेताच्या कडेला तो कुंतीपेक्षाही सोयीचा. थंडीत पांढरी, जांभळ्या रेघांची फुलं येतात, फूल तोडून बुडाशी चोखलं तर गोड लागतं, मुलांना आवडतं. सगळ्यात चांगलं म्हणजे रोप न्यावंच लागत नाही. जून संपता संपता पावसाची झड लागली की वीतभर लांबीच्या, तीन-चार डोळ्यांच्या पक्क्या काड्या कापा, ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि दोन दिवसांच्या आत पोचवा. तिथं दीड-दीड फुटांवर, दोन डोळे मातीत राहतील अशा तिरक्या खोचायच्या. शंभरातल्या ऐंशी तरी लागतात. कुंपण काटेरी हवं असेल तर मधे मधे करवंद लावायला सांगा, तेही बारमाही हिरवं, पांढऱ्या वासाच्या फुलांचं, आणि मे महिन्यात मुलांच्या हाताला करवंदं लागतात ते वेगळंच.

तुमच्या झाडांचं म्हणाल तर आता ऑगस्ट आहे. माळ्याला या महिन्यापासून थांबवा, युरियाचं पोतं दुसऱ्या कुणाला देऊन टाका, आणि पिवळ्या झाडांवर हिराकसची फवारणी पाऊस उघडला की करा. पावसानं ओढ दिली तर पाणी लगेच सोडू नका, सकाळी सातची खूण बघा. ऑक्टोबरमध्ये कळ्यांचे घोस दिसले तर मला फोटो पाठवा.